नेवेनाच्या चुली

पडद्यावर पेशी होती, पण पेशीत काही उरलं नव्हतं. डॉक्टर देसांका सकाळपासून एकामागून एक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घालून बघत होत्या. स्नायूच्या पेशीत धाग्यांच्या मधल्या फटींत मायटोकॉन्ड्रिया रांगेनं बसलेले असतात. त्यांच्या पोटात घड्या असतात आणि त्या घड्यांवरच अन्नाची ताकद होते. नऊ वर्षांच्या नेवेनाच्या पायांत ताकद का नाही, ते या घड्या सांगणार होत्या. परदेशातलं नवं औषध तिला द्यायचं की नाही, हेही त्यांच्या चित्रावरच ठरणार होतं. इथे मात्र घड्या विरघळून गेलेल्या, त्यांना धरणाऱ्या पिशव्या फुटलेल्या. रोग असं करत नाही, हे देसांकांना बघताक्षणी कळलं होतं.

त्यांनी दार उघडून बाकावरच्या विदोयेला आत बोलावलं. तो नेवेनाचा बाप. तिच्या मांडीतल्या स्नायूचा तुकडा गेल्या आठवड्यात त्यानंच गावाकडून बसनं बेलग्रेडला आणून दिला होता.

"दिसल्या का हो चुली?" टोपी काढत त्यानं विचारलं. गावच्या डॉक्टरनं त्याला तसंच समजावलं होतं. पेशीपेशीत चूल असते, आणि पोरीच्या चुली नीट पेटत नाहीत.

"विदोये, तुकडा टिकावा म्हणून बाटलीत औषध होतं, त्याचं वाटेत काही झालं होतं का?"

"झालं ना! बस सुटते न सुटते तोच सगळं माझ्या खिशात. ते सरकारी बूच! तुकडा कोरडा पडायला लागला. पण मी काय हात बांधून बसणार? काठोकाठ राकिया भरली."

"राकिया?"

"आणि गुत्त्यातली नव्हे, डॉक्टरीणबाई. नेवेना जन्मली त्या साली गाळलेली, दोनदा. तिच्या लग्नात फोडायचं पिंप. तुमच्यासाठी म्हणून एक बाटली काढली होती. म्हटलं, हिच्यासाठीच तर ठेवलीय, हिच्याच कामाला येऊ दे."

गावाकडे प्लमची राकिया कशाला चालत नाही? ताप आला की छातीला चोळतात, दाढ ठणकली की गुळणी करतात. विदोयेच्या आजोबांनी बाटलीत घातलेला साप तीस वर्षांनंतरही जसाच्या तसा होता. साप टिकतो. पेशीच्या आतलं टिकत नाही.

"कोणी सांगितला होता नसता उद्योग?" देसांका कडाडल्या. "आतलं सगळं विरघळवून टाकलंत!"

बोलल्या आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विदोयेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग दुसरा तुकडा..."

"तिचं हृदय आता पुन्हा भूल सोसणार नाही. तुमच्याच डॉक्टरांनी लिहून दिलंय."

 तो खुर्चीवर बसला आणि पँटचा पाय वर सरकवू लागला. गुडघ्याच्या वर, जमेल तितका.

"माझा घ्या. रक्त एकच आहे. हवा तेवढा कापा, मला भूलही नको."

पाय लाकूडतोड्याचा होता, भक्कम.  देसांका खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या.

"विदोये, या चुली फक्त आईकडून येतात. बापाकडून एकही येत नाही."

"आई जाऊन चार वर्षं झाली. तिचेही आधी पायच गेले."

"हो. वाचलंय मी."

विदोयेनं पँट खाली केली नाही. पडद्यावरच्या त्या रिकाम्या पेशीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"तरी बघा ना एकदा," तो म्हणाला. "एवढ्यांत एखादी तरी माझी आली असेल."