ओला चुना

फाटकाची कडी वाजली. छोटी तुंबी नुकतीच झोपली होती, घरात दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे कडी फारच मोठ्याने वाजल्यासारखी वाटली. पक्षाची पोरं कडी वाजवत नाहीत, रस्त्यावरूनच हाका मारतात. म्हणजे वासवन माश स्वतः आले, हे रजिताला स्वयंपाकघरातच कळलं.

सकाळपासून तिने वाक्य घोळवलं होतं. माशे, भिंत देणार नाही. चार शब्द. भांडी घासताना ते तिने तीनदा म्हणून पाहिलं होतं. एकदा तर बऱ्यापैकी जमलंही होतं.

माश फाटकाबाहेर उभे होते. कमरेला पांढरं मुंडू, काखेत छत्री. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, रजितालाही, म्हणून पक्षाचे पुढारी झाले तरी ते माशच, म्हणजे मास्तरच, राहिले. मागे पक्षाचा पोरगा बिनीश, हातात कुंचला. चुन्याची बादली मात्र त्याने रस्त्यावरच ठेवली होती. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय इथे कुठलाही पक्ष प्रचारासाठी कुणाच्या कुंपणाच्या भिंतीला चुना लावत नाही. आणि एकदा भिंतीच्या कोपऱ्यात ‘घेतली’ असं लिहिलं की दुसरा पक्ष तिकडे फिरकत नाही.

त्या भिंतीवर रजिताच्याच हातची अक्षरं होती. ‘हा डोंगर विकायचा नाही.’ लिहिली तेव्हा तुंबी पोटात होती. बायकांनी तिला स्टुलावर चढू दिलं नाही, म्हणून अक्षरं खाली, कमरेच्या उंचीवर आली. त्या वर्षी दगडखाणीच्या तोंडाशी मांडव घालून माश नव्वद दिवस धरण्यावर बसले होते आणि त्यांची पेज या घरातून जायची.

आज ती अक्षरं तुंबीच्या बरोबर डोळ्यांसमोर येतात. ती वाचायला शिकली तीच त्यांच्यावर. रोज संध्याकाळी शेजारची दाक्षायणी अम्मम्मा शेळी घेऊन परतते, भिंतीपाशी थांबते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. खाणीच्या सुरुंगांनी घराला भेग गेल्यापासून तिची बाज ओसरीवर आहे. ती म्हणते, वाच गं. तुंबी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. म्हातारी मान डोलावते आणि मगच घरी जाते. मागच्या निवडणुकीत रजितानेच तिला हाताला धरून मतदानाला नेलं होतं. माश आहेत ना, असं सांगून.

आता खाणवाल्याचा मेहुणा त्याच पक्षाच्या चिन्हावर उभा होता. त्याला माशांनीच आणलं होतं.

माशांनी काही लपवलं नाही. वर्गात गणित सोडवावं तसं सांगितलं. दोन जागा कमी पडतायत. या माणसाशिवाय पंचायत जाते. पंचायत गेली की दुसरे येणार, आणि ते तर सबंध डोंगर फोडायला टपलेलेच आहेत.

“अर्धा तरी राहील, पोरी,” ते म्हणाले. डोंगर समोरच होता, पण ते छत्रीच्या मुठीकडे बघत होते.

“माशे,” रजिता म्हणाली.

ते थांबले. खरंच थांबले. ‘नाही’ ऐकायला मिळावं म्हणूनच तर हे आले नसतील ना, असं क्षणभर तिला वाटून गेलं. त्यांच्या मुंडूच्या काठाला चुना लागला होता. गालाची हाडं वर आली होती. नव्वद दिवस पेजेवर काढले तेव्हाही ते इतके म्हातारे दिसले नव्हते.

“माशे,” ती परत म्हणाली, “चहा घेणार?”

बिनीशने बादली उचलली आणि भिंतीपाशी नेली.

काळा चहा उकळेपर्यंत ती खिडकीपाशी गेली नाही. कुंचल्याचा आवाज तेवढा येत होता, वर, खाली, वर. मग बिनीशची हाक आली. चुना फार घट्ट झालाय, चेची, तांब्याभर पाणी द्या. “चुना पक्षाचा, पाणी तुमचं,” तो हसत म्हणाला. माश हसले नाहीत. रजिताने पाणी नेलं. बिनीशचे हात भरलेले होते, म्हणून बादलीत ओतलंही तिनेच.

चुना वाळला की तिन्हीसांजेला उमेदवाराचं नाव लिहायला येतो, असं सांगून ते गेले. जाताना माशांनी फाटक स्वतः लावून घेतलं. पायरीवर त्यांचा पेला होता. भरलेला, गार झालेला.

तुंबी डोळे चोळत बाहेर आली ती सरळ भिंतीपाशी गेली. कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि खाली ‘घेतली’, बाकी सगळं पांढरं. तिने सवयीने बोट टेकवलं. ते चुन्याने माखलं. रजिताने धावत जाऊन तिचं बोट आपल्या ओढणीला पुसलं, एकदा पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

चुना अजून ओला होता. त्याच्या आतून जुनी अक्षरं पुसट निळी दिसत होती. नीट बघितलं तर वाचता आली असती. वाळेपर्यंत.

वळणावर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली. मग काठीचा ठकठक आवाज.

तुंबीने आईची ओढणी खाली ओढली आणि तिच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “अम्मा, अम्मम्मा आली. मी काय वाचू?”