सरकत्या बटणांचा फोन

“हा जाड आहे,” बायको म्हणाली. “शर्टाच्या खिशात ठेवलात तर साबणाची वडी घेऊन फिरताय असं वाटेल लोकांना.”

टायपिस्ट नवऱ्याने उत्तर दिलं नाही. त्याला देता येत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं स्वच्छ असल्याचं सांगितलं. पण गाठीबरोबर आवाज गेला, तो कायमचाच. आज दोघं त्याच्यासाठी फोन घ्यायला आले होते, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा.

काउंटरवर दोन फोन होते. एक पातळ, नुसती काच. दुसऱ्याची काच वर सरकवली की खालून बटणांच्या चार ओळी बाहेर यायच्या. बायको बालवाडीत शिकवायची. तिथल्याच शिस्तीने तिने कागदावर दोन रकाने आखून आणले होते.

“बॅटरी?” तिने विचारलं.

“काचवाल्याची दीड दिवस जाते, काकू,” दुकानातली मुलगी म्हणाली. “ह्याची संध्याकाळी मान टाकते.”

“कॅमेरा?”

“काचवाल्याचा एकदम झकास. ह्याने फोटो काढलात तर माणूस ओळखू येतो, एवढंच.”

“आणि आवाज?”

“आवाज दोन्हीत सारखाच. बघा ना काका, लिहून.”

काकांनी काचेवर एकेक अक्षर शोधत लिहिलं. फोन बातम्या दिल्यासारखा ठणठणीत आवाजात बोलला, “नमस्कार. माझी बायको मला बोलू देत नाही.”

मुलगी खुदकन हसली. बायकोही हसली, आणि तिने काचेच्या रकान्यात आणखी एक खूण केली.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली साडेअठ्ठावीस दोघांनी शब्दाला शब्द देण्यात घालवली होती. ती एक बोलली की तो दोन ऐकवायचा. दोघांनाही त्यात मजा यायची. मग वही आली. तो मान खाली घालून लिहायचा, ती समोर उभी राहायची. टोमणा कागदावर उतरेपर्यंत मूळ विषय थंड झालेला असायचा. वरातीमागून घोडं. हळूहळू त्याची वाक्यं आखूड झाली. हो. नको. बघू. गेल्या आठवड्यात तर वहीचं एक पानसुद्धा भरलं नव्हतं. फोनचं तिनेच मनावर घेतलं ते त्यामुळे.

“ठरलं तर मग,” ती म्हणाली. “काचवाला बांधा. अक्षरं मोठी आहेत, नीट बघून लिहिता येईल.”

टायपिस्टने जाड फोनवर हात ठेवला.

“अहो, हा काय हट्ट? माझ्या वर्गातली पोरं बरी!”

त्याने काच सरकवली. खट् असा आवाज झाला. फोन त्याने पोटाशी धरला आणि मान वर करून तो बायकोकडे बघायला लागला. एकतीस वर्षं त्याने कोर्टात साक्षी टाईप केल्या होत्या. त्या कामात नजर बटणांवर नसते, बोलणाऱ्या माणसावर असते. इथे दहा बोटांचं काम दोन अंगठ्यांवर आलं होतं. आधी दोनदा चुकला, खोडलं. तिसऱ्यांदा अंगठ्यांना वाट सापडली.

“काचेवर बोट कुठे पडलं ते कळत नाही,” फोन म्हणाला. “खाली बघावं लागतं.”

“मग बघा की! मी थांबते ना. सहा महिने थांबतेच आहे त्या वहीसमोर. एकदा तरी घाई केली का मी?”

अंगठे चालत होते. त्याची नजर मात्र तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही. बायको बोलता बोलता अडखळली. तिने कागदाची घडी घातली, उलगडली.

“असे टक लावून काय बघताय?”

“मी वहीत लिहून मान वर करतो,” फोन म्हणाला, “तेव्हा तुझ्या बाहीची कड ओली असते. रोज.”

उद्याचं तापमान सांगावं तशा कोरड्या आवाजात त्याने हे सांगितलं. दुकानातल्या मुलीने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला सुरुवात केली.

उत्तर सुचायला वेळ लागण्याची पाळी या संसारात पहिल्यांदाच बायकोवर आली होती. तो थांबला होता. त्याला घाई नव्हती. एवढ्या दिवसांनी तिचा चेहरा बोलणं चालू असताना बघायला मिळत होता, आणि स्वारी अगदी खुशीत दिसत होती.

“आता मान खाली घालणार नाही,” फोन म्हणाला.

तिने नाक ओढलं. डोळे टिपायला उचललेली बाही तिने मध्येच थांबवली. मग तिला हसू फुटलं, आधी बारीक, मग आवरेना असं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून वाहायला लागले, त्याच्या देखत.

“अहो,” ती म्हणाली, “मग आता मी रडायचं तरी कधी?”