वळणे नकोत

"तुमच्याकडे शिकलेला माणूस नव्हता का पाठवायला?" भाऊसाहेबांनी शिडीवरच्या मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीने ओठांत धरलेले दोन स्क्रू काढून हातात घेतले. "होता. तो उंचीला घाबरतो."

बाई हसल्या. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या रुमालाने मान पुसू लागल्या.

मान तिथे काम करणाऱ्या तिघांचीही घामाने चिंब होती. सरकारी भरतीची प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी या खोलीत तपासली जायची. म्हणून खिडक्या विटांनी बुजवलेल्या, दाराला बाहेरून कुलूप आणि कुलपापाशी पहारेकरी. आत भाऊसाहेब मूळ प्रत मोठ्याने वाचत. बाई आणि तिसरा सहकारी आपापल्या छापील कागदावर बोट फिरवत. प्रश्न, चारही पर्याय, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि शेवटी बरोबर उत्तराचा क्रमांक. तिसऱ्याला भाऊसाहेब 'जांभई' म्हणत. त्याचं खरं नाव लक्षात ठेवण्याइतकं काम त्याने कधी केलं नव्हतं, असं त्यांचं मत होतं.

सोमवारी बाई वाचता वाचता खुर्चीवरून घसरल्या. घाबरून वरिष्ठांनी पंखे-झरोके बसवणारा मिस्त्री धाडला. बाईंना जरा चक्कर काय आली आणि खोलीला भोक पाडायची वेळ आली, हे भाऊसाहेबांना मुळीच आवडलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एक प्रश्न फुटला नव्हता. हे त्यांचं शेवटचं वर्ष. यंदा एक प्रश्न जरी बाहेर गेला तर परीक्षा रद्द होणार, तिघांची चौकशी लागणार आणि तीस वर्षांच्या नावावर बोळा फिरणार.

"दारावर पंखा बसवलाय," मिस्त्री म्हणाला. "तो बाहेरची गार हवा आत ढकलेल. पण आतली गरम हवा जायला वाट पाहिजे. ती मागच्या भिंतीतून काढतो. नळी टाकून."

"जाळी बसवायची. बारीक. कागदाचा कपटासुद्धा जाता कामा नये."

"बसवतो."

"आणि छताला लागून. बाहेरून शिडी लावून कुणी डोकावलं तर टेबल दिसायला नको."

"नाही दिसणार. फक्त नळीला दोन वळणं देतो, आणि आतून लोकरीच्या जाड नमद्याचं अस्तर लावतो. अशा खोलीला—"

"वळणं कशाला? हवेला फिरायला न्यायचंय का?"

जांभई फिसकन हसला. भाऊसाहेबांना त्याचं हसणंही आळशी वाटलं.

"हवा सरळसुद्धा जाईल," मिस्त्री म्हणाला. "पण वळणं असली की—"

"की काम दोन दिवस लांबेल. चहा वाढेल. अहो, सरळ वाटेने हवा लवकर जाते, हे शाळेतलं पोरही सांगेल. आम्ही इथे तुमच्यासारख्यांसाठी बसून नाही राहिलोय. अजून दीडशे प्रश्न वाचायचेत."

 मिस्त्री शिडी उतरला, खिशातून वही काढली आणि एक ओळ लिहून पुढे केली. "एवढ्यावर सही द्या."

'वळने नकोत, असे सांगीतले.'

भाऊसाहेबांनी लाल पेन काढलं, 'वळने' आणि 'सांगीतले' दुरुस्त केलं आणि मग सही ठोकली. "तुमच्या वहीतसुद्धा आम्हीच शुद्धलेखन घालायचं."

"उपकार झाले," मिस्त्री म्हणाला. संध्याकाळी काम संपवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी खोली ओळखू येईना. बाईंचे कागद ओले होईनात, जांभई चक्क जागा राहिला. भाऊसाहेबांचा आवाज मोकळा सुटला. दमट हवेत तो कसा कोंडल्यासारखा व्हायचा; आता शब्द न् शब्द खणखणीत. वाचावं तर असं, असं त्यांनाच वाटलं.

"मागची ठोकाठोक थांबली हो," दुपारी बाई म्हणाल्या. मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एरवी विटांच्या आडूनही हातोडी ऐकू यायची. "आता भोक पडलंय तर उलट जास्त यायला हवी."

"मी पहारेकऱ्याबरोबर निरोप धाडला होता मागे," भाऊसाहेब म्हणाले. "अशा लोकांना सांगणाऱ्यात वजन असलं की पुरतं. वाचा. म्हणजे, ऐका."

तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा घसा बसला. नाइलाजाने मूळ प्रत बाईंच्या हातात देऊन ते डॉक्टरकडे निघाले. "घाई करू नका," त्यांनी बजावलं. "तुम्हाला घाईची खोड आहे."

पहारेकऱ्याने त्यांचे खिसे उलटे केले, डबा उघडून पाहिला, चष्म्याचं घरही सोडलं नाही. भाऊसाहेबांना बरं वाटलं. निदान एक माणूस तरी काम जाणत होता. तेवढ्यात मिस्त्रीची जाळी आठवली. त्या अडाण्याने बाहेरून नीट ठोकली असेल याची खात्री कोण देणार? ती डोळ्यांनी बघून घ्यावी म्हणून ते इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरले.

जाळी घट्ट होती. तिच्याखाली, सायकलींच्या दुकानापासून पार कोपऱ्यापर्यंत, चाळीसेक तरुण पोरंपोरी मांडीवर वह्या घेऊन भिंतीशी बसली होती आणि खाली माना घालून लिहीत होती. कडेची मुलगी भाऊसाहेबांसाठी थोडी सरकली. "बसा काका," ती कुजबुजली. "मुलासाठी उतरवून घ्यायला आलात का? एकशे चाळिसावा चाललाय, पण आज कुणीतरी बाई आहे, फार भरभर वाचते. कालचे आजोबा बरे होते."