सूनबाईंच्या वाट्याला आलेली हाक

दुःखाचा सगळा भार एकट्यावर पडू नये म्हणून कंपनीने कुमुदिनीबाईंच्या आठवणी त्या गेल्यावर घरातल्यांच्या डोक्यांत वाटून ठेवल्या होत्या. मुलाचं, केदारचं, लग्न झालं आणि रीतीप्रमाणे सूनबाईंचं डोकंही जोडलं गेलं. "नवं डोकं आलं की जुन्यांना आराम," कंपनीचा माणूस म्हणाला. "रोज थोडंथोडं सरकवतो. कुणाला कळतही नाही."

कुमुदिनीबाईंच्या नवऱ्याला, दिगंबररावांना, कळलं. सकाळी चहा पिताना त्यांना काही केल्या आठवेना, की एकांतात बायको आपल्याला काय म्हणून हाक मारायची.

"मृण्मयी, ती हाक तुझ्याकडे आलीय का बघ गं."

सूनबाईंनी डोळे मिटले आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या. "आलीय, बाबा. पण मी कशी म्हणू तुम्हाला?"

"म्हण. मी भिंतीकडे तोंड करतो."

ते खरंच वळून बसले. सूनबाईंनी हळूच हाक मारली. दिगंबरराव वाट बघत राहिले. आत काहीच हललं नाही.

"ती म्हणायची तशी म्हण ना."

"आईंचा आवाज केदारच्या वाट्याला गेलाय, बाबा. माझ्याकडे नुसता शब्द आलाय."

"बरं," दिगंबरराव भिंतीलाच म्हणाले, "मग तुझ्याच आवाजात परत एकदा म्हण. या वेळी माझं मी लक्षात ठेवतो."