दक्षिणेचा रकाना

सूर्यमालेच्या पार काठावर, मिट्ट अंधारात, पाच पृथ्व्यांच्या वजनाचा एक ग्रह लपून बसलेला आहे आणि आजवर एकाही माणसाने तो पाहिलेला नाही, असं संचालकांनी जाहीर केलं. त्याच क्षणी समितीतल्या एका सदस्यांचं बिस्किट तुटून चहात पडलं, आणि पुढची दोन मिनिटं सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं.

“चमचा घ्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हं, बोला तुम्ही.”

संचालक बोलले. बोलणं भागच होतं. वेधशाळा चालू ठेवायची, की तिला कुलूप लावून दुर्बीण एखाद्या बागेत शोभेला ठेवायची, याचा निर्णय समिती आज जेवणाच्या सुट्टीआधी देणार होती. संचालकांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. त्यांना बागेत शोभेला कुणी ठेवणार नव्हतं.

“नऊ वर्षांत आम्हाला सूर्यमालेच्या काठाशी तेरा बर्फाळ गोळे सापडले,” ते म्हणाले. “तेराच्या तेरा उत्तरेच्या आकाशात. दक्षिणेला एकही नाही. म्हणजे यांना एका बाजूला रेटणारं काहीतरी अवजड दुसऱ्या बाजूला असलंच पाहिजे. दोरीवरचे सगळे कपडे एकाच दिशेला उडताना दिसले, तर वारा दिसत नाही म्हणून तो नाहीच म्हणाल का?”

“कुणीतरी एकाच बाजूला वाळत घातले असतील,” बिस्किटवाले सदस्य म्हणाले.

संचालक हसले. शास्त्र न शिकलेल्या माणसाकडे बघून हसतात, तसं.

“पण दक्षिणेला नीट शोधलंत ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मघापेक्षा बदलला होता. त्यांना आता खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“तक्ता मी स्वतः आखलाय. एक महिना उत्तर, एक महिना दक्षिण.” संचालकांनी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. उत्तरेच्या रकान्यात आकड्यांची दाटीवाटी होती. दक्षिणेच्या रकान्यात दर खेपेला एकच शब्द, सुवाच्य अक्षरात: निरंक.

“अक्षर कुणाचं?”

“आमच्या घुमटवाल्यांचं. घुमट तेच उघडतात, दुर्बीण तेच चालवतात. रोज सकाळी नोंदी घेऊन खाली येतात.”

घुमटवाले तेव्हा तिथेच रिकामे कप गोळा करत होते. वेधशाळेत माणसं कमी असल्यामुळे विश्वाचा शोध आणि कपबश्या ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती.

“दादा,” अध्यक्षबाईंनी विचारलं, “दक्षिणेला कधी काही दिसलं तुम्हाला?”

“नाही बाई.”

“नऊ वर्षांत?”

“एकदाही नाही.”

“अगदी पुसटसंसुद्धा?”

“पुसटसंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू?”

संचालकांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, “न दिसणाऱ्या ग्रहाचं वजन बरोबर सांगता. भाजीची पिशवी मात्र तुम्हाला कायम हलकीच वाटते, कारण ती माझ्या हातात असते.” संध्याकाळी तिला काय काय ऐकवायचं, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “मला पटलंय. पाच वर्षं मुदतवाढ देऊन टाकू. फक्त घुमटाच्या देखभालीची फाइल जोडावी लागेल. आहे ना, की शोधावी लागेल?”

“बाई,” संचालक दुखावले, “या संस्थेत कागद हरवत नाही. आलेला प्रत्येक कागद मी स्वतः वाचतो, शेरा मारतो, मगच तो फाइलला लागतो.”

“मग फाइल कुठाय?”

फाइल वर होती. संचालकांच्या खोलीला रंग दिला तेव्हा त्यांचं लोखंडी कपाट वर घुमटात हलवलं होतं. चढवायला चार माणसं लागली होती. उतरवायला एकही मिळालं नाही. शिवाय कपाट गेल्यावर खोली प्रशस्त दिसायला लागली, तेव्हा तो विषय तिथेच राहिला.

“चला, मीही येतो,” संचालक म्हणाले. “ग्रह जिथे आहे ती दक्षिणही दाखवतो तुम्हाला.”

एकशे चौदा पायऱ्या होत्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून संचालक वर फिरकले नव्हते. त्यांचं काम कागदावर चालायचं आणि कागद आपण होऊन खाली यायचे. आज मात्र ते चढले. वर पोचल्यावर शेवटच्या पायरीवरच बसले, आणि श्वास परत आल्यावर त्यांनी हात उंचावला.

“दादा, घुमट फिरवा. दक्षिण!”

घुमटवाले जागचे हलले नाहीत. “आधी बाईंचं काम होऊ द्या, साहेब.”

कपाट भिंतीशी, अंधारात उभं होतं. त्याचं दार अर्धंच उघडत होतं. अध्यक्षबाईंनी फटीतून हात घालून फाइल ओढली, धूळ फुंकली आणि उजेडाकडे धरली. आत नऊ अर्ज होते, वर्षाला एक. अक्षर सुवाच्य, मजकूर तोच:

‘महोदय, आपले कपाट घुमटाच्या रुळावर ठेवल्यामुळे घुमट उत्तरेलाच अडकला आहे. दक्षिणेचे आकाश दिसत नाही. तरी कपाट हलवावे, ही विनंती.’

प्रत्येक अर्जाखाली लाल शाईत संचालकांचा शेरा होता: ‘पाहिले. फाइलला लावावे.’