किटलीचा भाव

नारीन शहराच्या वर, खिंडीखालच्या बाजारात तुर्दाकुनचं आणि माझं दुकान शेजारी शेजारी होतं. तो गावप्रमुख झाला आणि मेजवानीत मानाचं मेंढीचं मुंडकं त्याच्यापुढे येऊ लागलं, तेव्हापासून मी जळत होतो.

काल तो चिनी किटली घ्यायला आला. बाकीचे दुकानदार त्याला फुकट देतात. मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला.

"एवढ्या पैशांत घोडा येतो, लुटारू," म्हणत त्याने बैठक मारली.

"मग घोड्यातच चहा उकळ."

तासभर भांडून त्याने मला मूळ भावावर आणलं. दारात वळून म्हणाला, "साद्यर, तुझ्याशी अजून सगळे भांडतात. माझ्याशी कोणी घासाघीससुद्धा करत नाही रे. उद्या येतो. भाव कमी सांगू नकोस."