पायथ्याची ओल

"पसरलीय ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

इंजिनिअर उकिडवा बसला. तळ्याच्या मातीच्या बांधाखाली, अगदी पायथ्याशी, गवत ओलं होतं. मागच्या खेपेला ओल उशीएवढी होती. आज गादीएवढी झाली होती.

"थोडीशी," तो म्हणाला.

"आणि पाणी बघा. गढूळ आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, स्वच्छ झिरपलं तर घाबरू नका, गढूळ झिरपलं तर समजा बांध आतून पोखरतोय."

त्यानं बोट बुडवून पाहिलं. गढूळच होतं. त्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. मागच्या खेपेला त्यानं हा धडा शिकवला आणि या खेपेला पाणी गढूळ! विद्यार्थिनी हुशार होती.

पाणी कुठं मुरतंय हे त्यानं पहिल्याच भेटीत ताडलं होतं. ओलीपासून दोन पावलांवर, उंच गवतात, एक पत्र्याची झारी होती. आजही तिथंच होती. गवतातून फक्त तिची कडी आणि तोटी दिसत होती. आसपास ना फुलझाड, ना भाजीचा वाफा. मग झारी हवी कशाला? त्यानं विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर म्हातारी खजील झाली असती आणि तिचे फोन थांबले असते.

तिच्या नवऱ्यानं हौसेनं हे तळं बांधलं होतं. तेव्हा पाहुणे यायचे, होड्या फिरायच्या, पोहणाऱ्यांचा गलका व्हायचा. नवरा गेला, पाहुणेही आटले, तळं तेवढं भरलेलं राहिलं. होड्या काठावर पालथ्या पडून होत्या. अशा बाईनं, निदान एक माणूस तरी घरी यावा म्हणून, रोज झारीभर पाणी ओतलं तर तिला नावं कोण ठेवणार?

त्यानं तरी ठेवली नाहीत. बायको गेल्यापासून त्याच्या घरी त्याची वाट पाहणारं एक कुलूप होतं. तळ्यावरून फोन आला की तो इस्त्रीचा शर्ट काढायचा, दाढी करायचा, आणि बांध तपासायला एवढं नटायचं कशाला, म्हणून स्वतःलाच हसायचा.

व्हरांड्यात दोन कप आधीच मांडून ठेवले होते. चहा ओतता ओतता मालकीणबाई म्हणाल्या, "खरं काय ते सांगा साहेब. तुम्ही दर वेळी 'लक्ष ठेवू' म्हणता."

"आता तसं म्हणता येणार नाही, ताई. ऑफिसनं तंबी दिलीय. एक तर बांध सुरक्षित म्हणून कळवा, नाहीतर तळं रिकामं करायला सांगा. काय ते आजच."

"मग करा रिकामं." त्यांचा आवाज जड झाला. "यांनी फार जीव लावला होता. पाणी जाताना मी रडेन, ते सोडा. पण खाली माणसं राहतात. माझं काय, पिकलं पान."

बांधापलीकडे, उतारावर, घरांची एक ओळ होती. दोऱ्यांवर लहान लहान कपडे वाळत होते.

इंजिनिअरला मालकीणबाईंची कीव आली. एका झारीपायी ही बाई नवऱ्याची आठवण पणाला लावायला निघाली होती, आणि आता माघार कशी घ्यायची हे तिला सुचत नव्हतं. ती वाट आपणच काढून द्यावी, असं त्यानं ठरवलं.

"रिकामं कशाला? बांध ठणठणीत आहे."

"आणि ती ओल?"

"मातीच्या बांधाला थोडा घाम येतोच." असं म्हणून त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजर खाली घालतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी घातली नाही.

"नक्की ना? मला झोप लागत नाही हो."

"मलाही लागत नाही," तो बोलून गेला.

मग कपातल्या चहाकडे बघत त्यानं विचारलं, "मी रविवारी आलो तर चालेल? कामासाठी नव्हे. नुसताच."

"हे काय विचारणं झालं? घर तुमचंच आहे."

कित्येक वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं फोन काढला. 'बांध सुरक्षित. तळं पूर्ण भरलेलं ठेवण्यास हरकत नाही.' लिहिलं आणि पाठवून दिलं.

"झालं काम," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी डोळे पुसले. "सुटले बाई. आता खालच्या घरांतल्या पोरांना निरोप धाडते, उद्यापासून या खेळायला. ओल दिसल्यापासून मी कुणाला बांधाखाली फिरकू दिलं नाही. बिचारी फाटकाशी येऊन परत जायची."

तो क्षणभर घुटमळला. मग मनाशी म्हणाला, पक्की आहे म्हातारी, नाटक शेवटपर्यंत वठवतेय. त्यांचा निरोप घेऊन तो उतरला.

गाडी बांधाखालीच उभी होती. तिच्यात बसण्याआधी एक गोष्ट करायची त्यानं ठरवली. झारी उचलायची आणि काही न बोलता व्हरांड्यात नेऊन ठेवायची. त्यांना कळेल, त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरीही तो येत होता. रविवारी दोघं त्यावर पोट धरून हसतील.

तो गवतात शिरला. बूट घोट्यापर्यंत रुतले. त्यानं कडी धरून ओढली, पण झारी जागची हलेना. पुन्हा ओढली, मग वाकून आत पाहिलं. झारीचं बूड गंजून केव्हाच मातीत गेलं होतं, आणि आतून गवत पार तोंडापर्यंत उगवून आलं होतं.